तीन टूर, तीस दिवस आणि मधला विसावा

पत्राचा सारांश

भुसावळच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय 61, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. यजमान 66 वर्षांचे, रेल्वेत लोको पायलट होते. त्यांची शुगर गोळ्यांवर आटोक्यात आहे, उजवा गुडघा मात्र त्रास देतो. दोघांनी अजून परदेश पाहिलेला नाही. पुढच्या जूनसाठी यजमानांनी बेत आखला आहे: आधी 12 दिवसांची युरोप टूर, ती रोमला संपते. मधे एक रात्र. मग दुसऱ्या कंपनीची 8 दिवसांची लंडन-स्कॉटलंड टूर. पुन्हा एक रात्र, आणि मग 8 दिवस स्कँडिनेव्हिया. एकूण 30 दिवस. "एकदा तिकीट काढलं की सगळं बघून यायचं, पुन्हा कोण जातंय?" असं त्यांचं म्हणणं. मुलगा-सून पाठीशी आहेत, या बाईंच्या सासूबाईंना महिनाभर पुण्याला न्यायचीही त्यांची तयारी आहे. अडचण या बाईंच्या मनात आहे. तीन वर्षांपूर्वी राजस्थानच्या दहा दिवसांच्या टूरमध्ये आठव्या दिवशी उदयपूरच्या हॉटेलात बाथरूमचं दार लावून त्या रडल्या होत्या. "कारण काहीच नव्हतं," असं त्या लिहितात. घरात हे अजून कुणालाच माहीत नाही. त्यांचा प्रश्न: "नाही म्हटलं तर यांचं स्वप्न मोडेल, हो म्हटलं तर मला निभेल का? टूर अशा एकामागे एक घ्याव्यात का?"

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा उदयपूरच्या त्या बाथरूमपाशी थांबले. कारण काहीच नव्हतं म्हणता, पण मला ते दिसतंय. ज्या बाईने वर्षानुवर्षं शाळेची घंटा स्वतः ठरवली, तिला आठ दिवस दुसऱ्याच्या घंटेवर उठावं, जेवावं, बसमध्ये चढावं लागलं. टूरवाले त्याला 'सहा-सात-आठ' म्हणतात. सहाला उठवणारा फोन, सातला नाश्ता, आठला बस. पल्ला लांबचा असला की 'पाच-सहा-सात'. त्याआधी बॅगा दाराबाहेर. मग दिवसभर चाळीस माणसांच्या संगतीत. रात्री जेवून खोलीत यायला दहा वाजतात, आणि त्यानंतर उद्याचे कपडे काढायचे, फोन चार्जिंगला लावायचा, यजमानांच्या गोळ्यांची डबी भरायची. दिवसाकाठी एक तास असा मिळत नाही, की ज्यात कुणीतरी आपली वाट पाहत थांबलेलं नाही. आठव्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं ते याचं होतं.

त्या प्रसंगावरून तुम्ही "मला निभेल का" असं विचारताय. मला त्यातून एवढंच कळतं, की साधारण आठव्या दिवशी तुम्हाला एक मोकळा दिवस लागतो. ही फार कामाची माहिती आहे. बेत तिच्याभोवती आखता येतो.

मी स्वतः हे करून बसले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी थोरली बहीण अशाच गेलो होतो. अकरा दिवस युरोप, मधे एक रात्र, मग इंग्लंड-स्कॉटलंड. रोमच्या विमानतळावर पहिल्या ग्रुपचा निरोप घेतला. अकरा दिवसांत माणसं जवळची झाली होती. एका काकूंनी उरलेलं मेतकूट माझ्या पर्समध्ये कोंबलं, आणि सगळे मुंबईच्या रांगेला लागले. आम्ही दोघी लंडनच्या विमानाकडे. त्या रात्री हॉटेलात बहिणीने दोन कुर्ते बेसिनमध्ये धुतले, टॉवेलात गुंडाळून पिळले, आणि मी हेअर ड्रायर धरून रात्री एकपर्यंत बाह्या वाळवत बसले. काखेच्या शिवणी ओल्याच राहिल्या. सकाळी तसेच घातले. जुन्या ग्रुपवर फोटो येत होते, कुणी घरी पोहोचून वरणभात जेवत होतं. आमच्यासमोर बसमध्ये चाळीस नवी, ताजीतवानी माणसं. माइक फिरत होता, नाव-गाव-छंद सांगायची ओळखपरेड चालली होती. माझ्या हातात माइक आला तेव्हा मला बोलवेना.

एडिंबरोच्या किल्ल्यावर मी उभी आहे असा फोटो माझ्याकडे आहे. तिथला वारा, तो चढ, वरून दिसणारं शहर, मला काहीही आठवत नाही. बहिणीला विचारलं, तिलाही नाही. पैसे भरून, व्हिसा काढून, इतक्या लांब जाऊन एक अख्खं शहर आमच्या हातून गेलं. टूर कंपनीने तिचं काम चोख केलं होतं. आमच्याकडे पाहायला डोळेच शिल्लक नव्हते.

तरीसुद्धा टूर जोडून घेऊच नका असं मी म्हणणार नाही. दोन जोडा. माझा विरोध मधल्या त्या एका रात्रीला आहे.

ही गोष्ट तुमच्या यजमानांना तुमच्यापेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं, कारण त्यांचं सगळं आयुष्य या हिशेबावर गेलंय. लोको पायलटला ड्युटी संपली की घरी किंवा बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे रेल्वेच्या विश्रांतीगृहात, विश्रांती द्यावीच लागते, ती पुरी झाल्याशिवाय पुढची गाडी त्याच्या हाती देत नाहीत. त्यांना विचारा, विश्रांती न घेता कुणी गाडी मागितली असती तर भुसावळला दिली असती का? युरोपातही टूरच्या बसचा ड्रायव्हर साडेचार तास चालवून झाला की त्याला 45 मिनिटं थांबावंच लागतं. दिवसाला साधारण 9 तासांच्या वर चालवता येत नाही, आठवड्यातून दोनदाच 10 तासांची मुभा. रोजची विश्रांती कायद्याने ठरलेली, आणि बसमधल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं. तुम्ही त्याच्यामागे बसून तेवढाच रस्ता कापता, वर उतरून चारचार तास चालता. तुमच्या विश्रांतीचा कायदा कुणी केलेला नाही. तो घरीच करायचा.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, महिनाभराच्या घरात चालून पंढरपूरला पोहोचते. त्या वाटेवर मुक्काम आधी ठरतात, विसावे आधी ठरतात. पाय ज्यांचे रोज शेतात चालतात त्यांच्यासाठीसुद्धा.

आता यजमानांच्या म्हणण्याकडे वळू. "एकदा तिकीट काढलं की सगळं बघून यायचं." हिशेब बरोबर आहे असं सगळेच धरून चालतात, कागदावर मांडून फार कमी जण पाहतात. दुसऱ्या टूरला तुम्ही मुंबईहून न जाता थेट तिथे सामील होणार, म्हणजे 'जॉइनिंग-लीव्हिंग' प्रवासी. त्यांचा दर विमानभाडं वजा करून लावतात. दोन्ही कंपन्यांकडून तो दर लेखी मागवा. मग त्यात मधल्या रात्रींचं हॉटेल, तुमचं तुम्ही करायचं जेवण, विमानतळावरून हॉटेलला जायची गाडी, रोम ते लंडन विमानाचं तिकीट आणि बॅगांचे पैसे, इंग्लंडचा वेगळा व्हिसा हे सगळं मिळवा. बचत होते, पण वाटते तेवढी होत नाही. टूर तीन असल्या तर या मधल्या खर्चाचे टप्पेही दोन.

"पुन्हा कोण जातंय" याला मात्र मी सहज खोडणार नाही. सहासष्टाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्याने, हे वाक्य माणूस विचार करूनच बोलतो. आपल्याकडे आईवडिलांची दुखणी, मुलांची लग्नं, नातवंडं यांत वर्षं कशी जातात हे तुम्हीआम्ही पाहिलंय. त्यांची घाई खरी आहे, तिचा मान ठेवा. फक्त एवढं त्यांच्यापुढे ठेवा, की तिसाव्या दिवशी ऑस्लोत गुडघा सुजून हॉटेलात बसावं लागलं तर ते 'बघून आलो' यात धरायचं का?

तुमच्या बाजूचंही एक गृहीत आहे ताई, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाही म्हटलं तर त्यांचं स्वप्न मोडेल असं तुम्ही लिहिता. पण ते स्वप्न नेमकं काय आहे, हे तुमच्या चार पानी पत्रात कुठेच नाही. तीन टूर हा बेत आहे. स्वप्न त्याच्या आत कुठेतरी असेल. तुम्ही विचारलंय का त्यांना कधी, की या तीस दिवसांतली एकच गोष्ट बघायला मिळणार असेल तर कुठली?

माझा एक अंदाज आहे, चुकला तर सोडून द्या. ज्या माणसाने आयुष्यभर इंजिन चालवलं त्याने यादीत नॉर्वे का घातलं असेल? तिथे फ्लॉमची रेल्वे आहे. जेमतेम 20 किलोमीटरची, पण डोंगरावरून थेट समुद्राच्या खाडीपर्यंत उतरते, आणि तिचा सर्वांत तीव्र उतार 18 मीटरला 1 मीटर आहे. आपला कसारा घाट 37 ला 1. त्या घाटात बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा बँकर इंजिन लावावं लागतं हे तुमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असेल. स्वित्झर्लंडची युंगफ्राऊची गाडी 1912 पासून डोंगराच्या पोटातून 3454 मीटरवर नेते. कदाचित साहेबांना चर्च आणि राजवाड्यांपेक्षा याच गाड्या बघायच्या असतील, आणि टूरच्या जाहिरातीत त्या पसरलेल्या असल्यामुळे त्यांनी तिन्ही टूर धरल्या असतील. तसं असेल तर बेत लहान करूनही स्वप्न पूर्ण होतं.

मला योग्य वाटतो तो बेत असा. तीनपैकी एक टूर गाळा. कुठली, ते त्यांच्या उत्तरावर. नॉर्वे हवंच असेल तर लंडन-स्कॉटलंड सोडा. याचा एक मोठा फायदा कागदपत्रांचा आहे. युरोप आणि स्कँडिनेव्हिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात येतात, एकाच व्हिसावर होतात, 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहायची मर्यादा कुठच्या कुठे राहते. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा निराळा. आत्ताच्या बेतात तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून इंग्लंडला जाता आणि पुन्हा शेंगेनमध्ये शिरता, त्यासाठी शेंगेनचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा लागतो. सिंगल एन्ट्रीचा शिक्का घेऊन लंडनला गेलात तर तिसरी टूर कोपनहेगनहून तुमच्याविना निघेल.

इंग्लंड हवं असेल तर स्कँडिनेव्हिया सोडा, आणि पहिली टूर शक्यतो पॅरिसला संपणारी निवडा. अनेक टूर उलट क्रमानेही धावतात. पॅरिसहून लंडनला युरोस्टार रेल्वेने सव्वादोन-अडीच तासांत शहरातून शहरात पोहोचता येतं, समुद्राखालच्या बोगद्यातून. विमानतळाची यातायात वाचते, आणि ती गाडी साहेबांना आवडेल हे सांगायला नको.

दोन टूरच्या मधे पाच रात्री ठेवा. चार चालतील, तीन नकोत, कारण पहिला दिवस नुसता झोपण्यात जातो आणि शेवटचा बॅगा भरण्यात. एकच गाव, एकच खोली. हॉटेलऐवजी छोटं स्वयंपाकघर आणि कपड्यांचं मशीन असलेली जागा बघा, रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, आणि लिफ्ट असलेली. युरोपातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, गुडघ्यासाठी हे आधी विचाराच. या दिवसांत काय बघायचं याची यादी करू नका. सकाळी उशिरा उठा, दुकानातून टोमॅटो-कांदे आणा, खिचडी टाका, कपडे धुवा. तळ्याकाठी बाकावर बसा. तिथल्या शाळा सुटताना बघायला तुम्हाला आवडेल, मला खात्री आहे.

गाव कुठलं? युरोप टूर रोमलाच संपत असेल आणि पुढे स्कँडिनेव्हिया असेल तर माझं मन स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नकडे झुकतं. रोमहून मिलानला आणि मिलानहून पुढे रेल्वेने जाता येतं, वाटेत गोथार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा लागतो. 2016 साली सुरू झाला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. परदेशी प्रवाशांसाठी स्विस ट्रॅव्हल पास मिळतो, 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा, त्यात रेल्वे, बस आणि तळ्यातल्या बोटी येतात. साहेबांना पास काढून द्या, रोज एक गाडी धरून ते फिरून येतील, तुम्ही तळ्याकाठी बसा. स्वित्झर्लंड महाग आहे, हे खरंच. पण तिसऱ्या टूरचे पैसे वाचलेत ना, त्यातले थोडे इथे घाला.

हे लिहिताना आणखी एक सुचतंय. प्रत्येक दिवस दोघांनी बरोबरच काढला पाहिजे असं नाही. पहिली टूर दोघांनी करावी, मग तुम्ही त्याच ग्रुपबरोबर मुंबईला परत यावं आणि त्यांनी पुढची एकट्याने करावी, हाही एक मार्ग आहे. ग्रुपमध्ये एकटी आलेली माणसं पुष्कळ असतात. खोलीला जोडीदार मिळाला नाही तर एकट्याच्या खोलीचे जादा पैसे पडतात, तेवढं विचारून घ्यावं. शुगर असलेल्या माणसाला एकटं सोडायचं का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. मला स्वतःला तुमच्यासाठी पहिला मार्ग बरा वाटतो, पण हा दुसरा आहे हे माहीत असलं की "हो किंवा नाही" ही कोंडी राहत नाही.

कागदांचं थोडं सांगते, कारण दोन टूर जोडणाऱ्यांची फसगत इथेच होते, आणि हे सगळ्याच वाचकांना लागू आहे.

टूर कंपनी व्हिसाचा अर्ज तिच्या टूरच्या तारखांपुरता भरते. मधले पाच दिवस आणि पुढची टूर त्यात दिसलीच पाहिजे, म्हणून बुकिंग करतानाच पहिल्या कंपनीला सगळा बेत सांगा, मधल्या हॉटेलचं बुकिंग आणि दुसऱ्या टूरचं पत्र जोडा. विम्याचंही तेच. टूरबरोबर येणारा विमा टूर संपली की संपतो. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते मुक्कामाच्या सगळ्या दिवसांना हवं. भुसावळहून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा एकच विमा काढा आणि त्यात शुगर लिहा. लपवलेल्या दुखण्याचा क्लेम नाकारतात.

दोन कंपन्या असल्या की पासपोर्टची ओढाताण होते. एक व्हिसाला गेला असताना दुसरी मागते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, इंग्लंडचा 3 महिने आधीपासून. म्हणून आधी शेंगेन, तो हातात आला की इंग्लंड. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं अवघड असतं, तेव्हा जूनच्या प्रवासाला दिवाळीनंतर लगेच हालचाल करा. दोन्ही टूर एकाच कंपनीकडे मिळाल्या तर फारच बरं. कारण ग्रुप भरला नाही तर टूरची तारीख पुढे जाते, आणि दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. "या तारखेची टूर नक्की निघणार का, आणि पुढे गेली तर माझं मधलं तिकीट-हॉटेल कोण भरून देणार?" हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा. तोंडी आश्वासन ऑफिसातला माणूस बदलला की उरत नाही.

परदेशी टूरच्या रकमेवर कंपनी टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर घेते. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. दर बजेटात बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा विचारा आणि दोघांच्या पावत्या दोघांच्या पॅनवर घ्या.

दोन्ही टूरचे कार्यक्रम शेजारी ठेवून दिवसवार ताडून बघा. कित्येक युरोप टूरमध्ये लंडन आधीच असतं, मग दुसऱ्या टूरचे पहिले दोन दिवस तेच घड्याळ आणि तोच राजवाडा.

तब्येतीचं: जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, ऑस्लोत त्याहून उशिरा. उजेड असतो म्हणून शरीराला रात्र झाल्याचं कळत नाही, जेवण लांबतं, गोळी लांबते. मध्य युरोपचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, इंग्लंडचं साडेचार. गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सगळ्या दिवसांच्या आणि वर आठवडाभराच्या गोळ्या, दोन वेगळ्या हातबॅगांत वाटून, औषधाचं मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह. युंगफ्राऊला 3454 मीटरवर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, वर न जाता खाली थांबायलाही कुणी हरकत घेत नाही. विमानतळावर साहेबांसाठी व्हीलचेअर आधी कळवून ठेवा. त्यात कमीपणा मानू नये, तिथे चालणंच फार असतं.

खाण्याचं एक सांगायला मला आवडेल. दूधदुभतं आणि मांस युरोपीय संघात नेता येत नाही. त्यामुळे घरचं तूप, पेढे, खव्याचं काही नको. ताज्या फळभाज्यांनाही दाखला लागतो, भरताचं वांगं घरीच राहील. पण ज्या मोजक्या फळांना दाखला लागत नाही त्यांत केळं आहे. आपल्याकडचं केळं हातबॅगेतून बिनदिक्कत जातं. ते विमानात आणि पहिल्या दिवशी कामी येईल. पुढच्या दिवसांसाठी बिबड्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि मधल्या पाच दिवसांसाठी डाळ-तांदूळ आणि काळ्या मसाल्याची पुडी. पंधरा दिवसांनी स्वतःच्या हातच्या फोडणीचा वास आला की माणूस कसा ताळ्यावर येतो, हे मी पाहिलंय.

भुसावळच्या जूनमधून निघालात की अंगावर उकाडा असेल, म्हणून गरम कपडे नकोसे वाटतील. घ्याच. स्कॉटलंड आणि नॉर्वेत जूनमध्येही स्वेटर लागतो. कपडे मात्र एकाच टूरपुरते घ्या, मधल्या मुक्कामात मशीन आहे. तीस दिवसांचे कपडे उचलणारा माणूस तीस दिवस बॅगच ओढतो. आणि मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशी सकाळीच पोहोचा, रात्रभर गाडीत बसून थेट विमानात चढू नका.

देशातल्या टूर जोडणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे. मेमध्ये काश्मीर-वैष्णोदेवी करून तिथूनच चारधामला लागणारी कुटुंबं मला माहीत आहेत. केदारनाथ 3583 मीटरवर आहे, आधीच्या टूरची थकलेली फुप्फुसं घेऊन तिथे चढू नये. मधे हरिद्वार-ऋषिकेशला तीन-चार दिवस गंगेकाठी काढा.

आता शेवटचं, आणि तुमच्यासाठी सगळ्यांत अवघड. उदयपूरचं यजमानांना सांगा. तीन वर्षं तुम्ही ते एकटीने सांभाळलंत, कारण त्यांच्या सहलीवर विरजण पडू नये अशी तुमची इच्छा होती. पण ते माहीत नसताना त्यांनी आखलेला बेत तुमच्यासाठी आखलेला नाही, त्यांच्या कल्पनेतल्या न थकणाऱ्या बायकोसाठी आखलेला आहे. तक्रारीच्या सुरात सांगू नका, बेताच्या चर्चेतही नको. संध्याकाळी अंगणात दोघंच असाल तेव्हा सांगा. त्यांना वाईट वाटेल, थोडा वेळ गप्प बसतील. बसू द्या.

मग दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवा आणि दोघं पेन्सिल घेऊन बसा. आधी मधले पाच दिवस रंगवा. टूरच्या तारखा त्यानंतर त्यांना लिहू द्या. आणि ते लिहीत असताना विचारा, "फ्लॉमची गाडी कुठल्या टूरमध्ये आहे हो?"